सत्तरी ओलांडलेला ब्रिटिश गायक एल्टन जॉन डान्स रिमिक्समुळे पुन्हा नंबर एकवर कसा आला? हे यश त्याचं की रिमिक्सवाल्यांचं?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, ‘डीजे लोकांनी बटणं दाबून म्हाताऱ्याला वर काढलं’. आधी त्यावर बोलतो, कारण हेच वाक्य माझा चुलतभाऊ मला वर्षानुवर्षं ऐकवतोय. दादाकडे एल्टनच्या जुन्या रेकॉर्ड कपाटात कुलपाखाली आहेत. मी हौसेने रिमिक्स करतो, त्यामुळे त्याच्या लेखी मी संगीतातला भंगारवाला.

2021 साली एल्टनचं ‘कोल्ड हार्ट’ आलं, म्हणजे त्याच्याच जुन्या गाण्यांचे तुकडे जोडून केलेलं डान्स रिमिक्स, आणि दादा परत सुरू झाला. म्हटलं, बस इथे. लॅपटॉपवर सत्तरच्या दशकातलं एक गाणं उघडून दिलं आणि सांगितलं, याच्याखाली फक्त एक साधी किक, म्हणजे मशीनच्या ड्रमचा एकसारखा ठोका, बसवून दाखव. त्याने बसवली. पहिल्या ओळीला झकास जमलं. कडवं संपेपर्यंत गायक पुढे आणि किक मागे! त्या काळी बरेच ड्रमर क्लिक, म्हणजे कानात वाजणारी ठरलेल्या वेगाची टिकटिक, न लावता वाजवायचे. कोरस आला की हात आपोआप तापतो, कडव्यात परत निवतो. ऐकणाऱ्याला ते गोड लागतं, पण मशीनच्या ठेक्याशी त्याचा मेळ बसत नाही. मग एकेक मात्रा कापायची, सरकवायची. आवाज जास्त ताणला की पत्र्यासारखा वाजतो. दोन ओळींमधला श्वास कापला तर गायक माणूस वाटतच नाही, म्हणून तो श्वास उचलून परत जागेवर चिकटवायचा. ‘कोल्ड हार्ट’मध्ये तर 1972चं ‘रॉकेट मॅन’, 1976चं ‘व्हेअर्स द शूरा’, 1983चं ‘किस द ब्राइड’ आणि 1989चं ‘सॅक्रिफाइस’ अशी चार वेगवेगळ्या वर्षांची गाणी एका पट्टीत, एका लयीत नांदवायची होती. दादाने बराच वेळ खटपट केली आणि शेवटी हेडफोन काढून म्हणाला, ‘‘मग एवढा उपद्व्याप करायचाच कशाला?’’ म्हणजे वाद बटणावरून हेतूवर नेला. वकील व्हायला हवा होता.

आता तुमच्या प्रश्नाचं. एल्टन अपघाताने वर आला नाही, त्याने आपला माळा स्वतःहून उघडून दिला. प्नाउ हे ऑस्ट्रेलियन त्रिकूट त्याला आवडलं आणि त्याने आपल्या सत्तरच्या दशकातल्या मूळ मास्टर टेप, म्हणजे स्टुडिओतली अस्सल ध्वनिमुद्रणं, त्यांच्या हाती दिल्या. त्यातून 2012 साली ‘गुड मॉर्निंग टू द नाइट’ हा अल्बम झाला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. ‘कोल्ड हार्ट’ त्याच प्नाउचं. तेही ब्रिटनमध्ये पहिलं आलं, तेव्हा एल्टन 74 वर्षांचा होता आणि तिथल्या एकेरी गाण्यांच्या यादीत तो 16 वर्षांनी वर पोचला होता.

त्याच्याही आधीचं उदाहरण दादाला मुळीच आवडत नाही. ‘आर यू रेडी फॉर लव्ह’ 1977 साली फिलाडेल्फियाच्या थॉम बेल या निर्मात्याने रेकॉर्ड केलं, 1979 साली बाजारात आलं आणि ब्रिटनमध्ये 42व्या क्रमांकावर अडकलं. 2003 साली ॲशली बीडल या रिमिक्सवाल्याने त्यावर हात फिरवला, फॅटबॉय स्लिम या डीजेच्या रेकॉर्ड कंपनीने ते काढलं, फुटबॉलच्या जाहिरातीत वाजलं आणि सरळ पहिल्या क्रमांकावर! ज्या ‘सॅक्रिफाइस’वर ‘कोल्ड हार्ट’ उभं आहे, तेही पहिल्या खेपेला आपटलं होतं. रेडिओवर स्टीव्ह राइट या निवेदकाने लावून धरलं म्हणून 1990 साली ते पुन्हा काढलं आणि एल्टनला ब्रिटनमध्ये एकट्याच्या नावावरचा पहिला नंबर एक मिळाला. म्हणजे ‘शुद्ध’ गाण्यालाही कोणीतरी वाजवणारा लागलाच की.

माझ्या मते यश दोघांचं, पण निर्णय एल्टनचा, म्हणून मोठा वाटा त्याचा. पोथीसारखी गाणी जपणाऱ्यांना हे कळत नाही.

हां, एक सांगायचं राहिलं. ‘कोल्ड हार्ट’मध्ये दुआ लिपा ही पॉप गायिकाही आहे आणि ती तेव्हा ऐन भरात होती, ते श्रेय काढून घेऊ नका. एल्टनवरचा 2019चा ‘रॉकेटमॅन’ चित्रपट होता, त्याचा निरोपाचा दौरा चालू होता. एल्टन काही विस्मृतीत गेलेला नव्हता. प्रत्येक गायकाला हे जमेल असंही नाही. एल्विस प्रेस्लीचं 1968चं ‘अ लिटल लेस कॉन्व्हर्सेशन’ 2002 साली जेएक्सएल या डीजेच्या रिमिक्सने कितीतरी देशांत पहिलं आलं, पण एल्विस तेव्हा हयातच नव्हता, त्याला विचारायची सोयच नव्हती. आणि बाजारातले बरेचसे रिमिक्स टुकार असतात, हे मीही मान्य करतो.

तुम्ही ‘आर यू रेडी फॉर लव्ह’ची दोन्ही रूपं लागोपाठ ऐका. कोणी ‘कापाकापी’ म्हणालं, तर 1979 साली न कापलेलं गाणं 42च्या वर का चढलं नाही ते विचारा. दादाला मी कधीचं विचारलंय. तो विषय बदलून माझ्या स्पीकरच्या किमतीवर येतो.