अमाल्गम: दाढेतले आणि प्रयोगशाळेतले

दंतवैद्य दाढ भरण्यासाठी वापरतात ते ‘अमाल्गम’ आणि रसायनशास्त्राच्या पुस्तकातले ‘अमाल्गम’ हा एकच शब्द आहे का, आणि त्याचे मूळ काय, अशी पृच्छा आहे. शब्द एकच आहे. दंतवैद्यकाने तो रसायनशास्त्राकडून घेऊन त्याचा अर्थ संकुचित केला.

रसायनशास्त्रात पारा आणि दुसरा कोणताही धातू यांच्या संमिश्राला अमाल्गम म्हणतात. सोने, चांदी, कथील, जस्त, सोडिअम यांची अमाल्गमे होतात. लोखंडाचे मात्र सहजासहजी होत नाही, म्हणूनच पारा लोखंडी बाटल्यांतून नेण्याची पद्धत पडली. दंतवैद्यकातले अमाल्गम म्हणजे चांदी, कथील आणि तांबे यांच्या भुकटीत जवळजवळ तेवढाच पारा कालवून केलेला लगदा. ‘दाढेत चांदी भरली’ असे आपण म्हणतो खरे, पण त्या चांदीत निम्मा वाटा पाऱ्याचा असतो.

व्युत्पत्तीबाबत एकमत नाही. मध्ययुगीन लॅटिनमधील किमयागारांच्या लेखनात ‘अमाल्गामा’ हे रूप आढळते, आणि ते अरबीतून आले असावे असे बहुतेक कोशकार मानतात. एका मतानुसार त्यामागे ‘संयोगाची क्रिया’ अशा अर्थाचा अरबी शब्दप्रयोग आहे. दुसऱ्या मतानुसार मूळ शब्द ग्रीक ‘मालाग्मा’, म्हणजे मऊ करणारा लेप, हा असून ‘अ’ हा अरबी ‘अल्’ या उपपदाचा अवशेष आहे. मला हे दुसरे मत अधिक पटते, कारण घट्ट धातूला पारा मऊ करतो हेच किमयागारांच्या डोळ्यांना प्रथम दिसले असणार. आपला ‘मलम’ हा फारसी-अरबी ‘मरहम’वरून आला आणि त्या ‘मरहम’चे मूळही काही अभ्यासक याच ‘मालाग्मा’त शोधतात, तसे असेल तर मलम आणि अमाल्गम ही भावंडे ठरतात.

दातांसाठीही हा मऊपणाच कामी आला. ताजा लगदा किडलेल्या पोकळीत दाबून बसवता येतो आणि थोड्या वेळाने तो घट्ट होतो. पॅरिसमध्ये ऑग्युस्त तावो याने 1826च्या सुमारास चांदीच्या नाण्यांचा कीस पाऱ्यात मिसळून असे मिश्रण वापरले. युरोपीय संघाने मात्र 2025पासून, अपवादात्मक वैद्यकीय गरज वगळता, पाऱ्याचे हे मिश्रण दातांत भरणे बंद केले आहे.

मराठीत ‘पारदमेल’ हा पर्याय रसायनशास्त्रापुरता चांगला आहे. दवाखान्यात मात्र ‘अमाल्गम’ किंवा ‘चांदी’ हेच शब्द चालतात.