आधी कुत्र्याला बसू दे

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

बडोद्यात कुत्र्या-मांजरांचे फोटो काढायचा धंदा सुरू करायचा म्हणून तू पाठवलेली यादी वाचली. अलकापुरीत भाड्याचा गाळा, पाठीमागे लावायचे रंगीत कागद, उजेड मऊ करणारे दोन सॉफ्टबॉक्स, लांबून टिपायची सत्तर-दोनशेची लेन्स, छोट्या टोप्या आणि बो-टाय. लेन्स राहू दे, बाकीचं खोड. गाळ्याचं भाडं दर एक तारखेला हजर होतं, गिऱ्हाईक होत नाही. शिवाय अनोळखी खोलीत आलेलं कुत्रं बराच वेळ कोपरे हुंगत फिरतं, आणि मांजर तर पिंजऱ्यातून बाहेरच येत नाही. टोप्यांबद्दल माझं मत तुला ठाऊक आहे. डोक्यावर काही चढवलं की कुत्र्याचं सगळं लक्ष ते पाडण्यात जातं.

तू त्यांच्या घरी जा. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या जुन्या घरांत ओटा असतो, उंच खिडक्या असतात. मांजलपूर-गोत्रीच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीचं सरकतं दार असतं. बाजूने येणारा तेवढा उजेड पुरतो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून मारू नकोस. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला उजेड परतवणारा थर असतो, म्हणून फोटोत डोळ्यांच्या जागी हिरवे-पिवळे दिवे लागतात.

घरात शिरल्यावर पहिली वीस मिनिटं कॅमेरा बॅगेतच राहू दे. कुत्र्याकडे बघूही नकोस. फरशीवर बस, घरच्यांनी दिलेला चहा पी, त्याला येऊन तुझी बॅग हुंगू दे. ओठ चाटणं, झोप नसताना जांभया देणं, तोंड फिरवणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, ही सगळी त्याची 'पुरे आता' म्हणायची भाषा आहे. मालक म्हणतील, 'अहो, काही करत नाही तो, काढा तुम्ही.' त्यांचं ऐकायचं नाही, कुत्र्याचं ऐकायचं. चीं-चीं वाजणारं खेळणं खिशात ठेव, पण दोन-तीनदाच वाजव. चौथ्या वेळी ते कानही टवकारत नाही.

आणि खाली बस म्हणतो ते फक्त ओळख होण्यासाठी नव्हे. एलियट अर्विट या अमेरिकन फोटोग्राफरने १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये काढलेला फोटो शोधून बघ. टोपी घातलेलं इवलंसं चिवावा जातीचं कुत्रं, शेजारी बाईचे बूट, आणि त्यांच्या शेजारी मोठ्या कुत्र्याचे नुसतेच पुढचे दोन पाय. कॅमेरा जमिनीलगत नसता तर त्यात बघण्यासारखं काहीच उरलं नसतं. (त्यात टोपी आहे हे तू म्हणायच्या आत मीच सांगतो. अर्विट होशील तेव्हा टोपी घाल.)

तांत्रिक गोष्टी तुला येतात, दोनच सांगतो. काळं लॅब्राडोर चौकटभर असलं की कॅमेरा त्याला करडं करायला बघतो, तेव्हा एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप, म्हणजे उजेड जवळजवळ निम्म्यावर, खाली घे. आपल्याकडे घरोघरी असलेल्या पांढऱ्या स्पिट्झला उलट वर घे, नाहीतर तो धुरकटतो. दुसरं, लांब नाकाच्या कुत्र्याला लेन्सचं छिद्र १.८ इतकं मोठं उघडून टिपलंस तर डोळे स्वच्छ येतात आणि नाक धुक्यात जातं. छिद्र चारपर्यंत बारीक कर. बसलेल्याला २५०चा शटर (सेकंदाचा अडीचशेवा भाग) चालतो, धावणाऱ्याला हजाराच्या वर हवा.

खाऊचं मात्र फोनवरच विचारून घे. आपल्या शहरातल्या निम्म्या घरांत चिकनचा तुकडा नेलास तर कुत्र्याआधी तुलाच बाहेर काढतील. पनीर बहुतेक ठिकाणी चालतं, तरी एखाद्याला दूध सोसत नाही, म्हणून विचारायचं. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा ही कुत्र्यांना विषं आहेत. फोटोसाठी कापलेल्या वाढदिवसाच्या केकवर नजर ठेव.

बाहेर शूट करायचं तर आधी कॅलेंडर बघ. नोव्हेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत तुझा हंगाम. त्यातही १४ आणि १५ जानेवारीला, पतंगांच्या दिवसांत, नाव घेऊ नकोस. गच्च्यांवरचे भोंगे आणि रस्त्यात पडलेला मांजा, दोन्ही वाईट. दिवाळीच्या आठवड्यात कुत्री पलंगाखाली असतात. नवरात्रात जनावर तयार असतं, पण रात्रभर गरबा खेळलेले मालक सकाळी सातला दार उघडत नाहीत. मे महिन्यात उन्हं चढायच्या आत काम संपव. हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवून बघ. तुला सोसत नाही ते त्याच्या तळव्यांनाही सोसत नाही. पगसारख्या चपट्या नाकाच्यांना तर उन्हात धावायला लावूच नकोस, त्यांना अंग थंड ठेवणं जमत नाही.

कमाटीबाग सगळ्यांनाच सुचते. महापालिकेची बाग आहे, धंद्याच्या फोटोंना आणि कुत्र्याला परवानगी आहे का ते आधी विचार. आणि विश्वामित्री नदीच्या काठाला तर जाऊच नकोस, पाणी कितीही सुंदर दिसो. मगरी आहेत हे बडोदेकराला सांगायला नको, पण चांगला उजेड पडला की फोटोग्राफर विसरतो. २०२४च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा मगरी सोसायट्यांपर्यंत आल्या होत्या.

एखादे आजोबा पिंजऱ्यातला राघू घेऊन बसतील. 'याचाही काढ ना.' नाही म्हण, गोड बोलून म्हण. आपले देशी पोपट आणि तारा कासव पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि तुझ्या पानावर त्याची जाहिरात नको. बजी, कॉकाटील परदेशी. त्यांचे खुशाल काढ.

धंदा सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारून स्वतः रेबीजची लस घे. नवीन घरी जाताना कुत्र्याचं लसीकरणाचं पुस्तक व्हॉट्सअ‍ॅपवर मागव. दात किंवा नख लागलंच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन थेट दवाखाना, हळद नाही, चुना नाही. लस आधी घेतली असली तरीही.

आता पैशांचं. 'तासाला किती घ्यावे' असं विचारलंस. तासावर धंदा करूच नकोस. जाणं-येणं, शेकडो फोटोंतून निवड, केसात अडकलेले गोचीड आणि गळ्यातला पट्टा फोटोतून पुसून काढणं, छपाई; घरी घालवलेला एक तास यातला सगळ्यात लहान भाग. हा सगळा हिशेब करून एकच आकडा ठरव, निम्मे आधी घे, आणि त्या आकड्यात भिंतीवर लावायची एक मोठी छापील प्रत असलीच पाहिजे. फोटो पानावर टाकायची संमती त्याच वेळी लिहून घे. छोट्या धंद्यांची उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नकोस. जीएसटी सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीनंतर; ती चिंता सध्या नको.

छापील प्रतीचा आग्रह का, ते सांगतो. प्रत्येकाच्या फोनमध्ये त्यांच्या कुत्र्याचे हजार फोटो आहेत. पिल्लाचे तर आहेतच. नसतो तो एकच प्रकार: म्हातारं झालेलं जनावर आणि त्याला रोज दूधपोळी घालणारं माणूस, एकत्र. लॅब्राडोर दहा-बारा वर्षं जगतं, ग्रेट डेन त्याहून कमी. तोंडावर पांढरं आलेल्या कुत्र्यांच्या घरांना तू आधी वेळ दे, त्यांना थांबायला सांगू नकोस. आणि आजी हमखास म्हणतील, 'मला नको गं त्यात, माझे केस बघ.' त्यांना उठवू नकोस, चेहऱ्याचा हट्टही धरू नकोस. खुर्चीवर बसल्या आहेत तशाच राहू देत, कुत्र्याच्या कानामागे गेलेला त्यांचा हात घे. लोक पैसे द्यायला कुरकुरतात ते बो-टायच्या फोटोला. या फोटोची दुसरी प्रत परदेशातल्या मुलासाठी ते आपणहून मागतात.

ओळखीपाळखीत फुकट काढायचं बंद कर. एकदा फुकट काढलंस की ती तुझी किंमत होते. सरावासाठी फुकट काढायचेच असतील तर दत्तक जाऊ शकणाऱ्या गल्लीतल्या पिल्लांचे काढ. तुमच्या सोसायटीत त्यांना खायला घालणाऱ्या बाई आहेत ना, त्यांच्याबरोबर एका सकाळी जा. काळी पिल्लं आधी घे, फोनच्या फोटोत ती ठिपक्यासारखी दिसतात आणि मागे राहतात. काढलेले सगळे मला पाठवू नकोस, निवडलेले पाच पाठव. आणि त्यांच्याबरोबर तुझा तो एक आकडा, खर्चाच्या हिशेबासकट.

तुझा,
काका