आधी मीटर, मग ड्रिल

सप्रेम आशीर्वाद.

तुझा प्रश्न सरळ आहे: टीव्ही, साउंडबार, होम थिएटर बसवायचं काम धरावं की दुरुस्ती शिकावी? बसवण्यात पैसा लगेच दिसतो आणि दुरुस्तीत सुरुवातीचा बराच काळ नुसती बोटं भाजतात, असं तू लिहिलंस ते खोटं नाही. तरी मी म्हणेन, आधी दुरुस्ती. जन्मभर तीच कर असा आग्रह नाही. पण जळलेले बोर्ड हाताळलेला माणूस भिंतीवर टीव्ही वेगळ्या नजरेने लावतो. बाकीचे फक्त लेव्हल बघतात.

उदाहरण घे. ‘आवाज येतो, पण चित्र नाही’ ही एलईडी टीव्हीची नेहमीची तक्रार. खोलीत अंधार कर आणि पडद्यावर टॉर्च तिरकी धर. आत पुसट चित्र हलताना दिसलं, तर पॅनेल आणि मेन बोर्ड बहुतेक ठीक आहेत, मागचा उजेड गेला आहे. ज्याला आपण एलईडी टीव्ही म्हणतो तो मुळात एलसीडीच. एलईडी फक्त मागून उजेड पाडतात. पट्ट्यांवर ते सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे एक ओपन झाला (आतून तुटला) की अख्खी ओळ विझते. घाई असलेला मेकॅनिक तेवढा एक बदलून सेट परत देतो आणि थोड्याच दिवसांत शेजारचा जातो, कारण तापले सगळेच होते. तिथे पूर्ण संच बदलावा, आणि सेट परत देताना बॅकलाइटचं सेटिंग शंभरवरून खाली आणावं. ग्राहकाला फरक जाणवतही नाही.

मग मूळ प्रश्न येतो: एवढं तापलं कशामुळे? कधी बॅकलाइट सतत पूर्ण ठेवल्यामुळे, आणि पुष्कळदा टीव्ही जिथे बसवला त्या जागेमुळे. लाकडी कोनाड्यात चारही बाजूंनी दाबून बसवलेल्या सेटमधली गरम हवा जाणार कुठे? इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण दर १० अंश सेल्सिअस वाढीला निम्मं होतं. हा हिशोब डोक्यात असला की सुताराशी भांडायला बळ येतं. सेटच्या वर आणि मागे जागा सोडायला लाव. नाही ऐकलं, तर बिलावर लिहून दे.

एचडीएमआय पोर्टचंही तसंच. पोर्ट ‘आपोआप’ जळाला असं ग्राहक सांगतो. अर्थिंग नसलेल्या सेटची बॉडी आतल्या फिल्टर कपॅसिटरमुळे अधांतरी व्होल्टेजवर तरंगत असते. हात लावला तर झिणझिण्या येतात त्या यामुळेच. दोन यंत्रं चालू असताना केबल खुपसली की तो फरक कधीकधी सिग्नलच्या पिनांतून वाट काढतो. म्हणून जोडताना आधी दोन्हीकडचे प्लग काढायचे, केबल जोडायची, मग लाइन द्यायची. वेळ फार जात नाही, पण ‘चालू असतानाच लावतो की सगळे’ असं म्हणणारे तुला खूप भेटतील.

आवाजाच्या तक्रारींत खरे बिघाड कमी आणि जोडणीच्या चुका जास्त. साउंडबार गप्प असला तर स्क्रू ड्रायव्हर काढण्याआधी तीन गोष्टी बघ: केबल एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधून साउंडबारकडे पाठवणारी सोय) लिहिलेल्याच पोर्टमध्ये आहे का, सीईसी (एचडीएमआयवरून एका यंत्राने दुसऱ्याला हुकूम देण्याची सोय) चालू आहे का, आणि ऑडिओ आउटपुट टीव्हीच्या स्पीकरवरच तर अडकलेलं नाही ना. ऑप्टिकल केबलने ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) आवाज दाबलेल्या रूपातच जातो. पूर्ण दर्जाचा हवा असेल तर ईएआरसी, म्हणजे एआरसीची सुधारलेली आवृत्ती लागते, आणि ती दोन्ही बाजूंना असावी लागते. बास पोकळ वाटतोय? एका स्पीकरच्या वायरी उलट जोडल्या असतील. दीड व्होल्टचा सेल टर्मिनलला क्षणभर टेकव. प्लसला प्लस असेल तर कोन बाहेर येतो. आणि ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की अँप्लिफायरला ४ ओहम दिसतात. त्याच्या मागे किमान ६ ओहम लिहिलेलं असताना कोणी अशी जोडणी करून ठेवली असेल, तर तो अँप्लिफायर पुढच्या समारंभातच बसणार.

बसवण्याच्या कामात मी फक्त स्क्रूबद्दल हट्टी आहे. ब्रॅकेटची भोकं व्हेसा मापाची, म्हणजे ठरलेल्या प्रमाणित अंतरावर असतात, २०० बाय २०० मिलिमीटर, ४०० बाय ४००, अशी. स्क्रू एम६ की एम८ (६ की ८ मिलिमीटर जाडीचा) हे सेटच्या पुस्तिकेत बघ आणि लांबीही तिथलीच घे. लांब स्क्रू ‘घट्ट बसतो’ म्हणून पिळला की तो आतल्या बोर्डात किंवा पॅनेलच्या पाठीत घुसतो. भिंतीमागे वायर किंवा पाइप आहे का ते डिटेक्टरने तपासल्याशिवाय ड्रिल सुरू करू नकोस. आणि केबलला थोडी ढील ठेव. उद्या सेट उतरवणारा माणूस कदाचित तूच असशील.

सुरक्षेवर जरा थांबतो, कारण इथे मला घाई आवडत नाही. २३० व्होल्टचा एसी रेक्टिफाय झाला की मोठ्या फिल्टर कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी बसतात, आणि पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेल्या सेटमध्ये त्याहूनही जास्त. प्लग काढल्यावरही ते काही वेळ तिथेच राहू शकतात. डिस्चार्ज करायचा तो योग्य वॅटेजच्या रेझिस्टरने किंवा बल्बने, स्क्रू ड्रायव्हरची ठिणगी पाडून नाही. आणि नंतर मीटरने शून्य बघितल्यावरच हात घालायचा. जुना पिक्चर ट्यूबचा सेट आला, तर त्याच्या अ‍ॅनोडवर २० हजार व्होल्टच्या पुढचा दाब असू शकतो. शिकवणारा माणूस शेजारी नसेल तर त्याला हात लावू नकोस. आमच्या काळचे लोक हे धाडस म्हणून सांगतात. ऐकून सोडून दे.

आता धंद्याचं. बोर्डावरचा एकेक पार्ट बदलण्यापेक्षा अख्खा बोर्ड बदलण्याकडे कल वाढला आहे आणि ते नेहमी चूक नाही. पण एकाच मॉडेल नंबरच्या दोन सेटमध्ये वेगवेगळी पॅनेल असू शकतात. बोर्डचा नंबर आणि पॅनेलचा नंबर दोन्ही जुळवल्याशिवाय बोर्ड मागवला, तर चित्र उलटं, रंग विचित्र किंवा काहीच नाही. सॉफ्टवेअर टाकण्याआधी जुन्या मेमरीची कॉपी काढून ठेव. फुटलेल्या पॅनेलवर वेळ घालवू नकोस; तो खर्च नव्या सेटच्या जवळ जातो, हे ग्राहकाला पहिल्याच भेटीत सांग. पडद्यावर उभ्या रेषा असतील तर दोष पुष्कळदा काचेला चिकटवलेल्या फिल्मच्या जोडात असतो. त्याला बाँडिंग मशीन लागतं. दाबून, गरम करून तात्पुरतं आणलेलं चित्र घेऊन पैसे मागणारे आहेत, तू त्यांच्यात नको.

बदललेला पार्ट ग्राहकाच्या हातात दे. फॅक्टरी रिसेट करण्याआधी विचार. टीव्हीत लोकांची खाती उघडी असतात, आणि ती बघणं आपलं काम नाही.

राहिला तुझा तो मेलेला पॉवर सप्लाय. फ्यूजची काच आतून काळी झाली आहे असं लिहिलंस, म्हणजे शॉर्ट जोरदार आहे. नवा फ्यूज अजून लावू नकोस. डिस्चार्ज करून आधी ब्रिजचे (एसीचा डीसी करणाऱ्या भागाचे) चारही डायोड मोज, मग मोठ्या कपॅसिटरची टोकं, मग मॉसफेटच्या (स्विचचं काम करणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या) ड्रेन आणि सोर्स या दोन पायांमध्ये. मॉसफेट शॉर्ट निघाला तर त्याच्या सोर्सकडचा एक ओहमच्या आतला छोटा रेझिस्टर आणि कंट्रोलर आयसीही तपास. ते पुष्कळदा बरोबरच जातात, आणि नुसता मॉसफेट बदलला तर नवाही पहिल्याच स्विचला उडतो. सगळं बदलून झालं की लाइन सिरीज बल्बमधूनच, म्हणजे वाटेत जोडलेल्या साध्या तारेच्या बल्बमधूनच दे. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर पुढे जा, भडक पेटून राहिला तर शॉर्ट अजून आत आहे. स्टँडबायचे ५ व्होल्ट किती भरले ते लिही, बोर्डच्या दोन्ही बाजूंच्या फोटोसकट.