गणपतीच्या मालाची ऑर्डर देण्याआधी

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद. तुझा आराखडा दोनदा वाचला. मुंबईची नोकरी सोडून चिपळुणात रेडिमेडचं दुकान काढतेयस, तेही तीनशे ते आठशेच्या भावात, आणि माल असा हवा की शिवणाऱ्याचे हाल होऊ नयेत, नदी नासू नये. वाचून फार बरं वाटलं. पहिल्याच पानावर पाटीचा मजकूर आहे, ‘शाश्वत फॅशन’. तो सध्या बाजूला ठेव. पाटी सगळ्यात शेवटी रंगवायची. आधी खरेदीचं बोलू.

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. माझ्या दुकानाचं चौथं-पाचवं वर्ष असेल. गणपतीला तीन आठवडे उरले होते, चाकरमान्यांची गर्दी होणार म्हणून मुलींचे फ्रॉक कमी पडतील अशी धास्ती. मुंबईला एका कारखानदाराकडे गेले आणि चारशे नगांवर नगामागे बारा रुपये पाडून घेतले. बिल तिथेच राहिलं म्हणून रात्री परत गेले, तर दाराला बाहेरून कुलूप आणि आत मशिनी चालू. माल वेळेत निघेपर्यंत कुणी उठून जाऊ नये म्हणून. ते बारा रुपये कारखानदाराने आपल्या खिशातून दिले नव्हते, शिलाईच्या दरातून कापले होते. आणि कुलूप माझ्या तीन आठवड्यांच्या मुदतीने लावलं होतं. मी तेव्हा काही बोलले नाही. माल आला, विकला, दोन दिवसांत संपलाही.

२४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझाची इमारत कोसळली, तेव्हा मला तेच दार आठवलं. भिंतींना तडे गेलेले आदल्या दिवशीच दिसले होते. खालची बँक आणि दुकानं बंद राहिली, वरच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र कामावर बोलावलं. ११०० हून अधिक माणसं गेली, त्यांत बायका जास्त. शिवत होत्या ते युरोप-अमेरिकेतल्या दुकानांसाठीचे कपडे, तुझ्या-माझ्यासारख्यांनी सहज घ्यावेत असे.

म्हणून तुला पहिलं सांगणं हे, की गणपतीची ऑर्डर वैशाखात दे. तेव्हा कारखान्यांत काम कमी असतं, माणसं दिवसाउजेडी शिवतात, आणि भावही घासाघीस न करता बरा मिळतो. त्यासाठी तुला डिझाइन कमी करावी लागतील. तू साठ लिहिली आहेस, वीस पुरे. एकाच कापडाचे जास्त नग काढले की कटिंगमध्ये कापड कमी वाया जातं, कारखानदाराला परवडतं, आणि तुझी किंमत तिथून खाली येते. शिवणाऱ्याच्या पोटातून नाही. दुसरं, पैसे वेळेवर दे. लहान उद्योगांचं देणं ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, असा २००६ पासून कायदा आहे, पण बाजारात उधारी लांबवणं हीच हुशारी समजतात. तुझं देणं लांबलं की त्याच्याकडच्या पोरांचा पगार लांबतो, इतकं सरळ आहे ते. कारखान्यात स्वतः जा. शक्यतो न कळवता, आणि संध्याकाळनंतर. नगाला किती मिळतात ते कारागिरालाच विचार, पीएफ कापतात का विचार, आणि दुसरं दार कुठे आहे ते डोळ्यांनी बघ.

साठ डिझाइनना नको म्हणतेय त्याला आणखी एक कारण आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली, तेव्हा तू इथे नव्हतीस. पाणी ओसरल्यावर चिखलाने भरलेले गठ्ठे आम्ही रस्त्यावर काढले. मी एकेक उचलून बघत होते. निम्म्याहून जास्त माल पुराआधीच मेलेला होता. तीन-तीन वर्षं माळ्यावर पडलेला, स्कीममध्ये स्वस्त मिळतोय म्हणून उचललेला. कुणीतरी कापूस पिकवला, कुणीतरी रंगवला, कुणीतरी रात्री जागून शिवला, आणि एकदाही अंगाला न लागता ते सगळं कचऱ्याच्या गाडीत गेलं. नुकसानीचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त मला त्याची लाज वाटली.

आता कापड. ठोक बाजारात ‘कॉटन’ म्हणून रेयॉन सर्रास देतात. धागा काढून काडी लाव. पॉलिस्टर वितळतं आणि काळा कडक मणी उरतो. सुती आणि रेयॉन दोन्ही कागदासारखे जळतात, तिथे फसशील. मग धागा भिजवून ताण. सुती धागा ओला झाला की अधिक पक्का होतो, रेयॉन पटकन तुटतो. रेयॉन विकू नकोस असं म्हणत नाही, पण लेबलवर रेयॉन लिही. पॉलिस्टरचंही तसंच. कोकणातल्या पावसात जाड सुती कपडा चार-चार दिवस वाळत नाही, त्याला बुरशीचे ठिपके पडतात. शाळेच्या युनिफॉर्मला मिश्र कापडच बरं, दोन पावसाळे काढतं. रोजच्या गाऊनला मात्र सुतीच दे. पॉलिस्टर प्रत्येक धुण्यात बारीक तंतू सोडतं आणि आपल्या गटारांचं पाणी शेवटी खाडीतच जातं. कमीत कमी ते, जिथे खरी गरज आहे तिथेच.

हिरवं पान छापलेला टॅग कुठल्याही छापखान्यात मिळतो. ‘ऑरगॅनिक’ म्हणणाऱ्याला गॉट्सचं, म्हणजे सेंद्रिय कापडासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं, प्रमाणपत्र माग. त्यात ऑरगॅनिक म्हणायला ९५ टक्के तसा धागा लागतो, आणि ७० टक्क्यांच्या खाली तर नावच लावता येत नाही. ते तुझ्या भावात क्वचितच बसेल, मग तो शब्द वापरू नकोस. रंगाईचं मात्र विचारायचं सोडू नकोस. तिरुपूरच्या रंगाई कारखान्यांनी नोय्यल नदी इतकी नासवली की २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते बंद करायला लावले. पाणी शुद्ध करायला खर्च येतो. एखाद्याचा टीशर्ट सगळ्यांपेक्षा फारच स्वस्त असेल, तर तो खर्च कुणी केला नाही ते शोध.

जुने कपडे आणा, सूट मिळवा, ही तुझी योजना मला पटली नाही. जमलेले कपडे पुढे कुठे जाणार ते तू लिहिलेलं नाहीस. आपल्याकडे आजीचं लुगडं विरलं की त्याची गोधडी व्हायची, गोधडी फाटली की पायपुसणं. कापड सुती होतं म्हणून ते जमलं. त्यापेक्षा दुकानाच्या पडवीत एक शिलाई मशीन ठेव. पोटमाळ्याच्या बाजूला जागा आहे, मी बघितली आहे. हूक, इलॅस्टिक, उसवलेली शिवण फुकट करून दे, शिंप्याला महिन्याचा पगार दे, आणि माल घेतानाच शिवणीत आत पुरेसं जादा कापड सोडलंय का बघ, म्हणजे पुढच्या वर्षी पोरीचा फ्रॉक उसवून मोठा करता येईल.

पुढच्या आठवड्यात ये. त्या तीन कुर्त्यांचे नमुने आणि दोन्ही कारखानदारांचे भावपत्रक घेऊन ये. दुपारी बसू, काडेपेटी आणि पाण्याचं भांडं मी काढून ठेवते.

तुझी,
काकी