तुमचं शून्य कुठलं?

नेरुळ

तुला अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पावसाळी पाण्याच्या कामावर रुजू होऊन तुला तीनच महिने झालेत आणि तू लिहितेस, "काका, इथे कुणी कुणाशी बोलत नाही, नुसत्या फायली फिरतात." वाचून मला माझी पहिली नोकरी आठवली.

तेव्हा मी एका सल्लागार कंपनीत होतो. खाडीकडच्या एका होल्डिंग पॉंडचं, म्हणजे पावसाचं पाणी थोपवून धरणाऱ्या तलावाचं, गणित माझ्याकडे आलं. हे तलाव नवी मुंबईचा प्राण आहेत. आपले बरेच नोड, म्हणजे वसाहती, खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव टाकून उभे राहिले. भरती आली की तलावाच्या तोंडाची झडप समुद्राच्या दाबाने आपोआप मिटते, पारसिकच्या डोंगरावरून आलेलं पाणी तलावात थांबतं, आणि ओहोटीला तीच झडप उघडून ते खाडीत जातं. मी भरतीच्या तक्त्यातला 4.8 मीटरचा आकडा उचलला आणि थेट नकाशावरच्या पातळ्यांशेजारी लिहिला. कागदावर समुद्र रस्त्यावर चढला! आम्ही जादा पंपांची मागणीही करून टाकली.

चूक पकडली पंपावरच्या मामांनी. ते म्हणाले, "साहेब, उधाणाचं पाणी या खांबाच्या खुणेवर कधी गेलं नाही." तक्त्यातला आकडा समुद्राच्या नकाशाच्या शून्यापासून, म्हणजे जवळजवळ सगळ्यात खालच्या ओहोटीच्या पातळीपासून, मोजलेला असतो, जमिनीच्या पातळ्या सरासरी समुद्रसपाटीपासून. मुंबईत या दोन शून्यांत सुमारे अडीच मीटरचा फरक आहे. 4.8 ची भरती आपल्या नकाशावर 2.3 च्या आसपास येते. भरतीचा तक्ता एका टेबलावर होता, जमिनीची मोजणी दुसऱ्या, आणि मधे बसलेल्या मी दोघांपैकी कुणालाच विचारलं नव्हतं.

म्हणून कुठल्याही बैठकीत आधी एवढंच विचार: तुमचं शून्य कुठलं? पातळ्यांचंच नव्हे. पाणीपुरवठ्याचा माणूस दिवसाला किती दशलक्ष लिटर ते सांगतो, धरणावरचा दशलक्ष घनमीटरमध्ये बोलतो. तू तासाला किती मिलिमीटर पाऊस पडला ते विचारतेस आणि तुझ्या हाती अख्ख्या दिवसाचा आकडा येतो. तास-दोन तासांत कोसळलेला पाऊस त्या आकड्यात दिसतच नाही.

गाळाचा प्रश्न मात्र याहून अवघड आहे. तलावात गाळ साचतो, गाळावर कांदळवन उगवतं. तू म्हणणार गाळ काढा, वन विभाग म्हणणार झाडाला हात लावू नका. 2018 च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर सार्वजनिक कामासाठी कांदळवन तोडायचं तरी न्यायालयाची परवानगी लागते. मला विचारशील तर दोघांचंही खरं आहे. कांदळवन खाडीकाठ सावरून धरतं, भरलेला तलाव घरांत पाणी घालतो. हे भांडण पत्रांतून मिटलेलं मी कधी पाहिलं नाही. ओहोटीला दोघांनी एकत्र काठावर उभं राहून, कुठला भाग पाण्याच्या वाटेत येतो आणि कुठला नाही, हे बोटाने दाखवलं की अर्ध्या गोष्टी तिथेच सुटतात. अर्जाला लागणारा नकाशाही मग दोघांचा होतो.

सोबत एखाद्या कोळी दादांना घे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते, हे त्यांनीच मला शिकवलं. अष्टमीला सहा. उधाण कधी, भांग म्हणजे लहान भरती कधी, हे ते तक्ता न उघडता सांगतात, आणि कुठल्या झडपेत बांबू अडकून ती अर्धवट उघडी राहते हेही. त्या फटीतून भरतीला खारं पाणी सरळ तलावात शिरतं. ही माहिती कुठल्याच फायलीत नसते.

येत्या पौर्णिमेला ओहोटी सकाळी सहाच्या सुमारास असेल. वन विभागातल्या त्या मुलालाही निरोप दे, तू त्याच्यावर चिडली आहेस तरी. मी साडेपाचला झडपेपाशी येतो. गमबूट आणि टॉर्च आणा, चहाचा थर्मास मी आणीन.

तुझा,
काका