केमोत एकाच वेळी चार-पाच वेगवेगळी औषधं का देतात? सदाफुलीपासूनही केमोचं औषध बनतं हे खरं का?

सदाफुलीचं नाव वाचलं म्हणून लिहितोय. तिच्यावरून आमच्या घरात दोन वर्षं अबोला आहे.

अप्पांना लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कॅन्सर होता. दर 21 दिवसांनी आर-चॉप, म्हणजे पाच औषधांचा संच, असे सहा डोस. त्यातलं सायक्लोफॉस्फमाइड डीएनएचे दोन्ही धागे एकमेकांना जखडतं, मग पेशीला त्याची नक्कल काढता येत नाही. डॉक्सोरुबिसिन, ते लालभडक, डीएनए कापून परत सांधणाऱ्या एन्झाइमला कापल्या जागीच अडकवतं. (पहिल्या दिवशी लघवी लाल झाली तेव्हा रक्त समजून अप्पांनी अख्खा वॉर्ड गोळा केला.) प्रेडनिसोलोन स्टेरॉइड, रिटुक्सिमॅब तर केमोच नव्हे, ती अँटिबॉडी. राहिलं व्हिंक्रिस्टिन, ते सदाफुलीतलं. पेशी दुभंगताना गुणसूत्रं दोन बाजूंना ओढायला जे दोर लागतात, ते हे वळूच देत नाही. पॅक्लिटॅक्सेल हे केमोचंच दुसरं औषध नेमकं उलट, वळलेले सुटू देत नाही.

असेच दोर मज्जातंतूंतही असतात, म्हणून हातापायांना बधिरपणा येतो. अप्पांचं किराण्याचं दुकान. जन्मभर गिऱ्हाइकाशी बोलता बोलता नोटा मोजणारा माणूस चौथ्या डोसनंतर एकेक नोट डोळ्यांशी धरायला लागला. शर्टाची बटणं आई लावायची.

ते बघून थोरले काका म्हणाले, "औषध सदाफुलीचंच ना? मग दारातली पानं चाव, सुया कशाला टोचून घेतोस?" पाचव्या डोसआधी पांढऱ्या पेशी इतक्या उतरल्या की डोस आठवडाभर पुढे गेला, आणि उशीखाली पानांची पुडी सापडली. मी काकांना नको नको ते बोललो.

काका, वाचत असाल तर ऐका. अप्पांना व्हिंक्रिस्टिन एका वेळी फार तर 2 मिलिग्रॅम जायचं, मोजून, शिरेतून. त्याचा एक ग्रॅम काढायला शेकडो किलो सुका पाला लागतो. 1950च्या दशकात कॅनडात ही पानं मधुमेहासाठीच तपासली होती. उंदरांना पोटातून अर्क दिला तर साखर हलली नाही. टोचला तेव्हा पांढऱ्या पेशी घसरल्या आणि उंदीर जंतुसंसर्गाने मेले. तिथून कॅन्सरचा शोध सुरू झाला.

आता त्याच न्यायाने, पेशी पानांनीच उतरल्या हा माझा आरोपही लंगडा पडतो, हे कबूल. डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड तेवढं एकट्याच्या बळावर करतात. तरी पानं खाऊ नका, त्यात आणखी बरंच काही असतं.

तुमचा प्रश्न राहिलाच. एका वाटेने निसटलेली पेशी दुसरीकडे सापडावी म्हणून अनेक औषधं. शिवाय त्रासही वाटला जातो. व्हिंक्रिस्टिन नसांना छळतं, पण रक्तपेशी बनवणाऱ्या बोनमॅरोला फारसं नाही. मेथोट्रेक्सेट, फाइव्ह-एफयू यांची जात निराळी, ती डीएनए घडवायच्या सामानातच घोळ घालतात. तुमच्या पेशंटला काय लागेल ते कॅन्सरच्या प्रकारावर ठरतं, आर-चॉप सगळ्यांना नसतं.

अप्पा बरे आहेत. नोटा मोजायचं मशीन घेतलंय. काका गावभर सांगतात, पानांनी गुण आला. रागात मी सदाफुली उपटून टाकली होती. आईने परत लावली, देवाला फुलं लागतात म्हणून.