वाचकांचे प्रश्न : सड्यावरचं चित्र आणि सातबारा

कोकणातल्या कातळशिल्पांवर, म्हणजे सड्यांवर (जांभा दगडाच्या उघड्या पठारांवर) खोदलेल्या जुन्या चित्रांवर, मागे या सदरात लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली, आणि बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर होता: जमीन कुणाची आणि जपायचं कुणी? त्यातल्या काही पत्रांना इथे उत्तरं देते आहे. लिहिणाऱ्यांची आणि गावांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत. काही ठिकाणी जमिनीची बोलणी अजून चालू आहेत.

*ताई, राजापूर तालुक्यात आमच्या सामायिक सड्यावर कातळात खोदलेली माणसाची मोठी आकृती आणि आजूबाजूला जनावरं आहेत. लहानपणापासून बघत आलो. पांडवांनी एका रात्रीत कोरलं असं वडील सांगत. आता एक चिरेखाणवाला सगळा सडा घ्यायला तयार आहे. चुलते म्हणतात, चित्राचा गवगवा केला तर सरकार जमीन काढून घेईल आणि हाती काही लागणार नाही. खरं काय?*

दादा, चुलत्यांची भीती मी उडवून लावणार नाही. कोकणात जमीन गेलेल्यांची उदाहरणं त्यांनी पाहिलेली असणार. पण जागा संरक्षित जाहीर होणं आणि जागा सरकारच्या मालकीची होणं, या दोन गोष्टींची त्यांनी गल्लत केली आहे.

प्राचीन स्मारकांसाठी केंद्राचा १९५८चा कायदा आहे आणि महाराष्ट्राचा स्वतःचा १९६०चा. केंद्राच्या कायद्यातली पद्धत अशी: आधी सरकारचा इरादा जाहीर होतो, त्याची नोटीस जागेवर लागते, आणि त्या जागेशी हितसंबंध असलेल्या कुणालाही दोन महिन्यांत हरकत घेता येते. हरकतींचा विचार करून मगच अंतिम अधिसूचना निघते. ती निघाली तरी सातबाऱ्यावरची तुमची नावं तशीच राहतात. बंधन येतं ते वापरावर. संरक्षित क्षेत्रात घर बांधता येत नाही, खाण काढता येत नाही, सुरुंग लावता येत नाही. शेती करता येते, फक्त फूटभरापेक्षा खोल खणायचं नाही. आणि कायद्याखालच्या कारवाईत तुमच्या जमिनीचं नुकसान झालं, तर भरपाई मागायचा हक्कही त्याच कायद्यात दिलेला आहे.

मात्र एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती नंतर कळली की माणसं बिथरतात. केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते, असा नियम २०१०च्या दुरुस्तीने अधिक कडक झाला. म्हणून पुरातत्त्व खात्याचे लोक आले की पहिला प्रश्न हद्दीचा विचारा. तुमचं स्मारक केंद्राच्या यादीत जाणार की राज्याच्या, हेही विचारा. मोजणी होऊन नकाशा हातात येऊ द्या, मग होकार द्या. सरकारी माणसाला प्रश्न विचारला म्हणजे आपण वारशाच्या विरोधात आहोत असं मुळीच होत नाही.

आता जमीन घेण्याविषयी. सक्तीने संपादन ही तरतूद कायद्यात आहे, पण ती स्मारक नष्ट होण्याचा धोका असेल अशा वेळेसाठी. त्याआधीचे मार्ग सौम्य आहेत: खरेदी, भाडेपट्टा, बक्षीसपत्र, किंवा मालकाशी करार. या करारावर माझा जास्त भरवसा आहे. मालकी तुमची राहते. देखभाल कुणी करायची, लोकांना कधी येऊ द्यायचं, मालकाने काय करायचं नाही, हे सगळं लेखी ठरतं. उद्या जमीन विकायची झालीच तर आधी सरकारला कळवायचं आणि बाजारभावाने घेण्याची संधी सरकारला द्यायची, असंही कलम त्यात घालता येतं. सामायिक सड्याला हे सोयीचं पडतं. वीस हिस्सेदार, त्यातले निम्मे मुंबईला, दोघांची वारसनोंदच झालेली नाही, अशा जमिनीचं खरेदीखत व्हायला वर्षं जातात, आणि तोवर खाण कधीच चालू झालेली असते.

खाणवाल्याशी बोलणं थांबवा असं मी सांगणार नाही. सड्यावर भात पिकत नाही, आंब्याची कलमं लावायची तर कातळ फोडून खड्डे काढावे लागतात. घरात पैसा लागतो हे मला कळतं. पण सगळा सडा एका सहीत देऊ नका. यंत्र आधी वरचा थर सपाट करतं आणि मग चिरे, म्हणजे बांधकामाचे जांभ्याचे दगड, कापत खाली उतरतं. कातळशिल्प असतं ते नेमकं त्या वरच्या थरात. काही बोटं खोल रेघ, तेवढाच त्याचा जीव. आणि ही चित्रं सहसा एकेकटी नसतात. एक आकृती तुम्हाला दिसते, हाकेच्या अंतरावर दुसरी मातीगवताखाली असते. म्हणून सही करण्याआधी अख्खा सडा चालून घ्या, पावसाळ्यानंतर गवत सुकल्यावर, सकाळी किंवा उन्हं कलताना. तिरप्या उन्हात रेघेची एक कड सावलीत जाते आणि आकृती उठून दिसते. भर दुपारी तुम्ही तिच्यावर उभे असलात तरी कळणार नाही. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सडे असेच पायी तुडवले, गुराख्यांना विचारत. आज दीड हजारांहून अधिक आकृत्यांची नोंद आहे ती त्या चालण्यामुळे.

एवढं झालं की चित्रांचा भाग, त्याभोवती मोकळी जागा आणि जायची वाट वेगळी मोजून घ्या. ग्रामसभेचा ठराव करा, त्यात गट नंबर लिहा, आणि प्रती तहसीलदार, जिल्हा खनिकर्म अधिकारी आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला द्या. पोच घ्यायला विसरू नका. गौण खनिजाचा परवाना देताना जागेवर चित्र आहे हे कागदावर नसेल, तर टेबलापलीकडच्या माणसाला ते समजायचं कसं?

एक शेवटचं. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत २०२२मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांची नऊ ठिकाणं गेली: सात रत्नागिरी जिल्ह्यातली, एक सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि एक गोव्यातलं. त्यात तुमच्याच तालुक्यातलं बारसू आहे. दोन वाघांच्या मध्ये उभा माणूस तिथे कोरलेला आहे, आणि त्याच सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्प आणायचा की नाही यावरून २०२३मध्ये माती परीक्षणाच्या वेळी गावं रस्त्यावर उतरली. चित्रांना कुंपण घालू, बाकी सडा प्रकल्पाला देऊ, असं तेव्हा सुचवलं गेलं. मला ते पटत नाही. ज्यांनी ही चित्रं कोरली ते त्या सगळ्या पठारावर वावरत होते. चौकोनी कुंपणात एक आकृती उरली तर ती का आणि कुठे कोरली, हे पुढच्या अभ्यासकाला कधीच शोधता येणार नाही. जमीन घ्यायचीच असेल तर सरकारने ती या कामासाठी घ्यावी आणि मालकांना मनासारखा दर द्यावा. एका उड्डाणपुलाच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ आहे.

*आम्ही पुण्यातले काही मित्र वर्गणी काढून कातळशिल्पाची एखादी जागा विकत घ्यावी म्हणतो. परदेशात असं चालतं ना?*

चालतं. अमेरिकेत ‘आर्किऑलॉजिकल कन्झर्व्हन्सी’ नावाची संस्था १९८०पासून हेच करते आहे; पाचशेहून जास्त स्थळं तिने विकत किंवा देणगीत मिळवून राखली आहेत. तिथे त्याची गरजही मोठी, कारण खासगी जमिनीत निघालेल्या वस्तू बहुतेक वेळा जमीनमालकाच्याच असतात. मालकाने उकरून विकायचं ठरवलं तर जागा विकत घेण्याखेरीज इलाज राहत नाही.

आपल्याकडे पहिली अडचण कुळकायद्याची. कलम ६३प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, परवानगी लागते, आणि सडा पडीक असला तरी सातबाऱ्यावर तो शेतजमीनच असतो. दुसरी अडचण मला जास्त वाटते. पुण्याच्या मंडळींनी जागा घेऊन फाटक लावलं की गावाचा आणि त्या चित्राचा संबंध तुटतो. पुढे रात्री तिथे कोण काय करतं, हे तुम्हाला पुण्यात बसून दिसणार नाही. वर्गणी जरूर काढा, पण ती गावाला द्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या उक्षीला हत्तीच्या आकृतीभोवती जांभ्याचा कठडा उभा राहिला तो गावाने मनावर घेतलं म्हणून. मोजणीची फी, वाटेवरचे फलक, गावातल्या दोन मुलांना वाटाडे म्हणून मानधन, इतकं तुम्ही उचललंत तरी एका जागेचं भलं होईल.

*मॅडम, मी संगमेश्वर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. मुलांना कातळशिल्पं दाखवायला नेणार आहे. रेघा दिसाव्यात म्हणून खडू किंवा चुना भरला तर चालेल का?*

सर, नका भरू. फोटो छान येतो हे खरं, पण चुना जांभ्याच्या छिद्रांत शिरतो आणि निघत नाही. रेघेत माती असेल तर मऊ कुंच्याने हलकेच झाडा. खिळा, खुरपं अजिबात नको. चपला सड्याच्या कडेला काढून ठेवायला सांगा आणि गाडी रस्त्यावरच उभी करा.

सहलीच्या आधी शाळेच्या मैदानावर एक तास घ्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीचा कोरलेला हत्ती साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. दोरी आणि टेप घेऊन मुलांना तेवढा चौकोन आखू द्या, मग त्यात फक्कीने हत्ती काढायला सांगा. पाय काढणाऱ्याला सोंड दिसत नाही, सोंड काढणाऱ्याला पाठ दिसत नाही. शिडी नाही, उंचवटा नाही, मग त्या माणसांनी आकार साधला कसा? हा प्रश्न मुलं स्वतःच विचारतील, आणि मग कशेळीच्या हत्तीच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेत हे सांगितलं की त्यांचे डोळे बघा. गेंड्याचं चित्रही दाखवा. कोकणात आज गेंडा नाही. कोरणाऱ्यांनी तो पाहिला होता. या चित्रांचा काळ मध्याश्मयुगापर्यंत, म्हणजे शेती सुरू होण्याआधीच्या दगडी हत्यारांच्या काळापर्यंत, मागे नेण्याचं हे एक कारण आहे.

आणि शक्य झालं तर त्या जागेच्या मालकाला किंवा तिथल्या गुराख्याला शाळेत बोलवा. आपल्या सड्याबद्दल मुलं प्रश्न विचारताहेत, हे ऐकलेला मालक दुसऱ्या दिवशी खाणवाल्याशी वेगळ्या आवाजात बोलतो. हे मी एकाहून जास्त गावांत पाहिलं आहे.

*अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी आमचं शेत आहे. नांगरताना रंगीत खापरं, कधी मणी निघतात. कळवलं तर शेत अडकेल का?*

कळवा. तुमच्याच जिल्ह्यात दायमाबादला १९७४ साली झुडपाचं खोड काढताना एका शेतकऱ्याला कांस्याचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस सापडली, आणि त्या शोधाने दख्खनच्या ताम्रपाषाण युगाबद्दलचे आडाखे बदलले. मौल्यवान निखात, म्हणजे जमिनीत पुरलेला ठेवा, सापडला तर १८७८च्या कायद्याप्रमाणे तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारकच आहे. लपवला तर गुन्हा होतो.

खापरांनी शेत अडकत नाही. मात्र ती बांधावर ढीग करून टाकू नका, कारण कुठून निघाली ही माहिती गेली की अभ्यासाला फार काही उरत नाही. शेताच्या कुठल्या भागात, किती खोल, हे चिठ्ठीवर लिहून चिठ्ठीसकट वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला फोटो पाठवा. तोवर त्या पट्ट्यात जेसीबीने सपाटीकरण करू नका. गाळ भरायचा विचार असेल तर या हंगामापुरता तो शेताच्या दुसऱ्या टोकाला टाका.